थेंब बंद झाले की डोळा लाल: मोतीबिंदूनंतर उशिरा आलेल्या जंतुसंसर्गाचं एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या ६३ वर्षांच्या एका काकींच्या उजव्या डोळ्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. लिहितोय ते मुख्यतः गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी, चष्म्याचे नंबर काढणाऱ्यांसाठी आणि घरातल्या वयस्कर माणसांना डोळ्यांचे थेंब घालणाऱ्या लेकी-सुनांसाठी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात डोळा लालभडक होऊन ठणकायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. पण तीन महिन्यांनी, फारसा न दुखता, जरासा लाल झाला तर कुणी घाई करत नाही. काकींच्या डोळ्याला हेच झालं. पहिल्यांदा लाली दिसल्यापासून खरं निदान होईपर्यंत जवळजवळ पाच महिने गेले.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली होती. शिबिरात निवड, मग रुग्णालयात नेऊन छोट्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया, आत पीएमएमए या प्लास्टिकचं कडक भिंग. काकींनी शस्त्रक्रियेचं कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलं होतं आणि त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. भिंग डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाच्या पातळ पिशवीत बसलेलं, त्या पिशवीची मागची भिंत शाबूत, कसलीही गुंतागुंत नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं. भिंगाच्या डबीवरचा स्टिकरही चिकटवलेला. महिन्याभराने चष्मा लावून नजर ६/९ (६/६ म्हणजे पूर्ण नजर). स्टेरॉइडचे थेंब सहा आठवडे हळूहळू कमी करत जानेवारीच्या सुरुवातीला बंद केलेले. म्हणजे शस्त्रक्रिया चांगली झाली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशी हकिगत ऐकली की लोकांचं बोट आधी शिबिराकडे वळतं, आणि मग पुढच्या वर्षी त्या गावातून शिबिराला कुणी येत नाही. हा संसर्ग उत्तम हातांनी, उत्तम थिएटरात केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर डोळा पहिल्यांदा लाल झाला. उजेड सोसवेना, थोडं धुरकट दिसायला लागलं. गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब दिले. चार दिवसांत उतार पडला. बाटली संपली, थेंब थांबले. शिमग्याच्या पालख्या घरोघर येत होत्या तेव्हा पुन्हा तेच. या वेळी रिकामी बाटली मेडिकलवर दाखवून तीच नवी आणली. मग आंब्याचा हंगाम सुरू झाला. पहाटे बागेत, दुपारी आंबा निवडायचा, रात्री उशिरापर्यंत पेट्या भरायच्या. त्या दीड-दोन महिन्यांत देवगडातलं कुठलंही माणूस डोळ्यासाठी दवाखान्यात बसणार नाही. लाल दिसला की थेंब, बरा झाला की बाटली कोनाड्यात.

मेअखेरीस मुंबईचा मुलगा सुट्टीत आला आणि आईला घेऊन गेला. तिथे तपासणी झाली त्या दिवशी थेंब चालू होते, त्यामुळे डोळा शांत होता. नजर मात्र ६/२४ वर आलेली आणि भिंगामागे पिशवीच्या भिंतीवर धुरी दिसत होती. मोतीबिंदूनंतर अशी धुरी येणं अगदी नेहमीचं. त्यावर याग लेझरने त्या भिंतीला मधोमध खिडकी पाडतात, तशी पाडली. दोन-तीन दिवस काकींना लख्ख दिसलं. दहा दिवसांच्या आत नजर इतकी उतरली की समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईना. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या आमच्या कणकवलीच्या दवाखान्यात आल्या.

बरोबर सून होती. मी विचारलं, काकी, दुखतो का?

"दुखाक नाय तसो. पण थेंब घातलंय की बरा वाटता, सोडलंय की परत तसोच."

निदानाचा निम्मा भाग या एका वाक्यात होता. उरलेल्यातला बराचसा सुनेच्या मोबाइलमध्ये निघाला. घरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी ती बाटली आणल्याच्या आणि संपल्याच्या तारखा लिहीत आली होती. तिने पानांचे फोटो काढून आणले होते. ते फोटो पुढे ठेवून आम्ही कागदावर एक सरळ रेघ ओढली आणि तारखा मांडल्या. थेंब थांबल्यापासून लाली परत येईपर्यंत एकदा १२ दिवस, एकदा ९, एकदा १६. फेब्रुवारीनंतर एकदाही तीन आठवडे निभावले नव्हते. गावचे डॉक्टर, मेडिकलवाला, मुंबईचे डॉक्टर, प्रत्येकाला या रेघेवरचा फक्त एक ठिपका दिसला होता. पूर्ण रेघ कुणासमोरच नव्हती. आपल्या भागात रुग्णाचा इतिहास असाच चार ठिकाणी विखुरलेला असतो, आणि हा आजार तर फक्त इतिहासातच नीट दिसतो.

तपासणीत उजव्या डोळ्याची नजर दोन मीटरवरून बोटं मोजण्याइतकी. डाव्या डोळ्यात कच्चा मोतीबिंदू, नजर ६/१८, बाकी डोळा स्वच्छ. उजव्यात लाली फारशी नव्हती. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या बाजूला चरबीच्या थेंबांसारखे जाडसर ठिपके, पुढच्या कप्प्यात दाहाच्या पेशी, तळाशी पुवाची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पट्टी. दाब २८, म्हणजे वाढलेला. दाहामुळे किंवा महिनोन्‌महिने वापरलेल्या स्टेरॉइडमुळे, बहुधा दोन्हींमुळे. टाक्याविना बंद झालेला जुना छेद घट्ट होता. अश्रुपिशवीत पिचकारीने पाणी सोडून पाहिलं, वाट मोकळी होती. अश्रुपिशवी तुंबून पू साठला असेल तर संसर्गाचा उगम तिथेच सापडतो, म्हणून हे कधी वगळू नये. पापण्यांच्या कडांना मात्र कोंड्यासारखी खपली होती.

मग बाहुली पूर्ण मोठी केली. मोठ्या बाहुलीतून भिंगाच्या कडेपलीकडे बघितल्यावर, खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यात पिशवीच्या भिंतीवर पांढरट, साईच्या रंगाचा चट्टा दिसला. मधली लेझरची खिडकी चट्ट्याच्या काठापर्यंत पोचलेली. त्यामागे काचद्रवात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पोकळीतल्या जेलीसारख्या द्रवात, पेशींचा गढूळपणा. बी-स्कॅन सोनोग्राफीत काचद्रवात बारीक प्रतिध्वनी, पण पडदा, म्हणजे रेटिना, जागेवर. साध्या बाहुलीतून हा चट्टा अजिबात दिसला नसता. शस्त्रक्रिया झालेला डोळा वारंवार लाल होत असेल तर बाहुली मोठी करून भिंगाच्या काठापर्यंत पाहिल्याशिवाय रुग्णाला खुर्चीवरून उठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

चट्टा दिसला म्हणून बाकीच्या शक्यता सोडल्या नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असतो. भातशेतीत, चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्या माणसाला तो होतो आणि ताप उतरून काही महिने लोटल्यावर डोळ्यात दाह होऊ शकतो, कधीकधी पुवाच्या पट्टीसकट. काकी दर वर्षी लावणीला उतरतात. पण गेल्या वर्षभरात तसा ताप आलेला नव्हता, डावा डोळा निरोगी होता, आणि लेप्टोमध्ये पिशवीवर असा चट्टा येत नाही. क्षयरोग आपल्या देशात कधीच यादीबाहेर ठेवता येत नाही. छातीचा एक्स-रे आणि त्वचेची चाचणी केली, दोन्हींत काही निघालं नाही. गुप्तरोगाची रक्तचाचणीही निरंक. मोतीबिंदूचा तुकडा आत राहून गेला असता तर त्रास आधीच्या आठवड्यांतच सुरू झाला असता आणि कार्डावर खूण सापडली असती. भिंगाला आधार देणारा पाय आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याला, घासतो आहे असंही दिसलं नाही. मधुमेह होता, साखरेची तीन महिन्यांची सरासरी ७.४. उरले दोन: मंदगती जिवाणू, नाहीतर बुरशी.

शस्त्रक्रियेनंतरचा डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिस, सहा आठवड्यांनंतर सुरू झाला तर त्याला उशिराचा किंवा जुनाट म्हणतात. त्याचा सगळ्यात नेहमीचा कर्ता क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणत, आणि पुष्कळ लॅबचे अहवाल अजून जुन्याच नावाने येतात. तारुण्यपीटिकांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तोच हा जिवाणू. तुमच्या-माझ्या पापण्यांवर, कातडीवर तो कायम असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी पापणीवरून भिंगाबरोबर पिशवीत शिरला तर तिथे त्याचं छान जमतं, कारण त्याला ऑक्सिजन नकोसा असतो आणि पिशवीच्या घडीत तो कमीच असतो. वाढ अतिशय सावकाश. भिंगावर आणि भिंतीवर तो चिकट थर करून राहतो. चिऱ्याच्या बांधावर शेवाळ धरतं तसं. वरून कितीही पाणी वाहिलं तरी खरवडल्याशिवाय ते निघत नाही. थेंबातलं अँटिबायोटिक त्या थराच्या आत पुरेसं पोचतच नाही. स्टेरॉइड मात्र आपलं काम करतं, शरीराचा प्रतिकार दाबतं, म्हणून लाली जाते. जंतू तिथेच असतो. स्टेरॉइड थांबलं की शरीराला तो पुन्हा जाणवतो आणि डोळा पुन्हा लाल होतो. १९८६ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन झालं. स्टेरॉइडने आधी उतार आणि मग पुन्हा उलटणं ही त्याची ओळख तेव्हापासून शिकवली जाते.

लेझरनंतर डोळा का बिघडला, तेही यावरून कळतं. पिशवीची मागची भिंत हा जंतू आणि काचद्रव यांच्यामधला बांध होता. त्याला खिडकी पाडली आणि कोंडलेला जंतू मागे काचद्रवात उतरला. हे पुस्तकांतून नोंदलेलं आहे, तरी लेझर करणाऱ्याला दोष देता येणार नाही. त्या दिवशी समोर शांत डोळा आणि नेहमीसारखी धुरी होती. माझी विनंती इतकीच की याग लेझरच्या आधी एक प्रश्न ठरवून विचारावा: शस्त्रक्रियेनंतर हा डोळा कधी लाल झाला होता का, आणि आत्ता कुठले थेंब चालू आहेत? उत्तर होकारार्थी असेल तर थेंब थांबवून तीन आठवड्यांनी पुन्हा बघावं. धुरी कुठे पळून जात नाही.

बुरशीचा विचार आम्हाला जास्त गांभीर्याने करावा लागला. उष्ण आणि दमट हवामानाच्या देशांत मोतीबिंदूनंतरच्या संसर्गात बुरशीचा वाटा थंड देशांपेक्षा मोठा असतो, आणि कोकणातला जून-जुलै म्हणजे भिंतींनाही बुरशी धरण्याचा काळ. बुरशी असेल आणि डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर डोळा हातचा जाऊ शकतो. चट्ट्याच्या रंगरूपावरून अंदाज बांधता येतो, उपचार ठरवता येत नाही. म्हणून नमुना हातात येईपर्यंत आत काहीही टोचायचं नाही, असं ठरवलं. दाबासाठी टिमोलॉल दिलं, दम्याचा त्रास नाही याची खात्री करून. दाब उतरवणारे प्रोस्टाग्लँडिन जातीचे थेंब टाळले, कारण सुजलेल्या डोळ्यात ते दाह वाढवू शकतात.

आता प्रश्न जागेचा. काचद्रवाची शस्त्रक्रिया, म्हणजे व्हिट्रेक्टमी, आमच्याकडे होत नाही. सिंधुदुर्गातल्या माणसापुढे अशा वेळी दोन-तीनच वाटा असतात: गोवा, कोल्हापूर, नाहीतर बेळगाव. कोल्हापूर आणि बेळगावला जायचं तर घाट चढावा लागतो, आणि जुलैत घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यातला उग्र संसर्ग असता तर मी काचद्रवाचा थेंब काढून लगेच अँटिबायोटिक टोचलं असतं आणि मगच रुग्णाला पाठवलं असतं, कारण तिथे तास मोजावे लागतात. इथे दिवस मोजले तरी चालणार होतं. तेवढा अवकाश नीट नमुना मिळवण्यासाठी वापरणं जास्त शहाणपणाचं होतं. गोव्यातल्या व्हिट्रिओ-रेटिना सर्जनशी बोललो, तिसऱ्या दिवसाची तारीख मिळाली. काकी आणि सून रेल्वेने गेल्या.

जाण्याआधी मी एक फोन लॅबला केला. या आजारात पुष्कळदा निदान लॅबच्या डब्यात फेकलं जातं. साधारण नमुन्यात तीन ते पाच दिवसांत काही उगवलं नाही की ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो आणि प्लेट टाकून देतात. अ‍ॅक्नेसला उगवायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून अर्जावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं लागतं: ऑक्सिजनविरहित माध्यमातही लावा, १४ दिवस ठेवा. त्याशिवाय बुरशीसाठी साबुरो माध्यम, क्षयवर्गीय जंतूंसाठी आम्लरोधी रंजन, आणि शक्य असेल तर जिवाणू व बुरशी दोन्हींसाठी पीसीआर. सिरिंजमधली हवा काढून टाकून ती बंद करून लगेच पोचवायची. लॅबच्या तंत्रज्ञाने फोनवर शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि उलट विचारलं, "पिशवीचा तुकडाही पाठवाल ना?" फार योग्य प्रश्न होता. जंतू काचद्रवात कमी आणि पिशवीच्या चट्ट्यात जास्त असतो. नुसता पाण्याचा थेंब पाठवला तर हाती काही लागत नाही.

शस्त्रक्रियेत आत पाणी सोडण्याआधी काचद्रवाचा निर्भेळ नमुना घेतला गेला. मग व्हिट्रेक्टमी, चट्ट्यासकट मागच्या भिंतीचा भाग कापून काढणं आणि शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक: व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम व सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, वेगवेगळ्या सिरिंजमधून. एकत्र केली तर ही औषधं गोठून साका धरतात. व्हॅन्कोमायसिन भिंगामागे पिशवीच्या उरलेल्या घडीतही पोचवलं. त्याच दिवशी पाहिलेल्या काचपट्टीवर बुरशीचे तंतू दिसले नाहीत, त्यामुळे बुरशीचं औषध टोचलं नाही. काचपट्टीवर जिवाणूही दिसला नाही. पाचव्या दिवसापर्यंत सगळ्या प्लेटा कोऱ्या. नवव्या दिवशी पिशवीचा तुकडा घातलेली द्रव माध्यमाची नळी गढूळ झाली, आणि दोन दिवसांनी नाव आलं: क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. पाचव्या दिवशी डबा बंद केला असता तर अहवाल ‘वाढ नाही’ असाच आला असता.

इथे एक गोष्ट आमच्याच व्यवसायातल्या लोकांसाठी. १९९५ चा एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टमी अभ्यास सगळ्यांना तोंडपाठ असतो: ४२० रुग्ण, आणि नजर फक्त उजेड कळण्याइतकी उरली असेल तरच व्हिट्रेक्टमीचा स्पष्ट फायदा, एरवी नमुना आणि इंजेक्शन पुरतं. तो अभ्यास शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांच्या आतल्या संसर्गाचा होता. त्याचा नियम जुनाट संसर्गाला लावू नये. अ‍ॅक्नेसच्या बाबतीत १९९९ मध्ये छापलेली ३६ रुग्णांची एक मालिका जास्त उपयोगाची आहे. नुसतं इंजेक्शन दिलेल्या बाराही जणांचा आजार उलटला. व्हिट्रेक्टमी आणि इंजेक्शन केलेल्या दहापैकी पाच जणांचा उलटला. व्हिट्रेक्टमीबरोबर पिशवीचा काही भाग काढलेल्या चौदापैकी दोघांचा. आणि ज्यांची पूर्ण पिशवी काढून भिंगही काढलं किंवा बदललं, त्यांच्यापैकी कुणाचाही नाही. संख्या लहान आहे, तरी उतरती भाजणी स्पष्ट आहे. पहिल्याच वेळी भिंग का काढलं नाही, याचं उत्तरही तिथेच आहे: चौदापैकी बारा जणांचं भिंग वाचतं. काकींना तो मधला मार्ग दिला, धोका सांगून.

ऑगस्टअखेर डोळा सुंदर शांत होता. नजर ६/१८, दाब १६. गणपतीत काकींनी मोदक वळले. स्टेरॉइड थांबलं सप्टेंबरच्या मध्याला, आणि सुनेला सांगितलं की आता खरी परीक्षा. तीन आठवड्यांनी, डोळा कितीही चांगला दिसला तरी, यायचंच. त्या आल्या तेव्हा तक्रार कसलीच नव्हती. पण स्लिट लॅम्पमध्ये पुढच्या कप्प्यात पेशी होत्या आणि पिशवीच्या उरलेल्या कडेला, भिंगाच्या पायाजवळ, नवा छोटा पांढरा ठिपका. आजार उलटला होता. चौदापैकी दोघांत काकी निघाल्या.

भिंग काढायचं म्हटल्यावर घरात मोठी चलबिचल झाली. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणाला, पुन्हा एकदा इंजेक्शन देऊन बघूया ना. त्याचं म्हणणं मला कळत होतं. ज्या भिंगाने आईला दिसायला लागलं तेच काढा म्हणणारा डॉक्टर कुणाला आवडेल? पण नुसत्या इंजेक्शनवर विसंबणं म्हणजे पुन्हा फेब्रुवारीपासून सुरुवात करणं, आणि दर वेळी आजार उलटला की पडद्याच्या मध्यबिंदूला सूज येत राहते, दाब वाढत राहतो. काकींनी स्वतः विचारलं, "भिंग काढलास तर माका दिसाचा नाय मां?" मी सांगितलं, काही महिने या डोळ्याने अंधुक दिसेल, हालचाल कळेल, माणूस ओळखू येणार नाही, डाव्या डोळ्यावर दिवस काढायचे, डोळा सहा महिने थेंबांशिवाय शांत राहिला की नवं भिंग बसवता येईल. त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "मगे काढून टाकूंदेत. सारखी थेंबांची कटकट नको." निर्णय त्यांनी घेतला, मुलाने नंतर मान्य केला.

ऑक्टोबरात दुसरी शस्त्रक्रिया. पीएमएमएचं भिंग घडी घालून काढता येत नाही, म्हणून जुना छेदच पुन्हा उघडून ते सबंध बाहेर घेतलं, पूर्ण पिशवी काढली आणि पुन्हा व्हॅन्कोमायसिन दिलं. पिशवी आणि भिंग दोन्ही लॅबला गेले. या वेळी आठव्या दिवशी तोच जंतू उगवला. स्टेरॉइड डिसेंबरात बंद झालं. तीन आठवड्यांनी पाहिलं: एकही पेशी नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा, तेव्हाही नाही.

मधल्या काळात एका डोळ्याला जाड, सुमारे दहा नंबरचा चष्मा देऊन भागत नाही. त्या काचेतून प्रतिमा पाव पटीहून मोठी दिसते, दुसऱ्या डोळ्याच्या प्रतिमेशी ती जुळत नाही आणि माणसाला एकाच्या जागी दोन दिसतात. कॉन्टॅक्ट लेन्स हा पुस्तकी उपाय आहे. विहिरीचं पाणी, बागेतली धूळ आणि ६३ वर्षांचे हात, यांच्यात तो मला धोक्याचा वाटला. काकी डाव्या डोळ्यावर राहिल्या. हा काळ त्यांना जड गेला. रात्री अंगणाच्या पायरीचा अंदाज चुकायचा, भाजी चिरताना बोट कापलं. घरच्यांनी पायरीच्या कडेला पांढरा रंग मारला. साधी गोष्ट, पण प्रत्येक घराला सांगावी अशी. फेब्रुवारीत ओसीटी स्कॅनमध्ये पडद्याच्या मध्यभागी थोडी सूज दिसली, ती नेपाफेनॅकच्या थेंबांनी ओसरली. स्टेरॉइड मुद्दाम वापरलं नाही, नाहीतर डोळा खरोखर शांत आहे की दाबलेला, हे पुन्हा कळेनासं झालं असतं.

जूनमध्ये, डोळा सहा महिने विनास्टेरॉइड शांत राहिल्यावर, नवं भिंग बसवलं. पिशवी नव्हती, म्हणून भिंगाचे पाय डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत रोवले. आयरिसला अडकवायचा पर्यायही होता, पण इतका दाह सोसलेल्या डोळ्यात आयरिसला हात न लावलेला बरा, असं सर्जनचं आणि माझं मत पडलं. आता चष्म्यासह नजर ६/१२ आहे. दाब थेंबांशिवाय १५.

गावच्या डॉक्टरांना मी या प्रकरणानंतर भेटलो. त्यांनी पहिल्या वेळी थेंब दिले त्यात गैर काही नव्हतं. एकदा लाल झालेल्या डोळ्याला कुणीही ते देईल. आमचं ठरलं ते असं की शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला दुसऱ्यांदा तेच थेंब लिहायची वेळ आली तर लिहू नयेत, माणूस पाठवून द्यावा. मेडिकलवाल्यालाही त्यांनीच समजावलं. आणि कार्डावर जी शेवटची तपासणी असते, महिन्याची किंवा सहा आठवड्यांची, ती थेंब चालू असतानाच होते. या आजाराला तीच फट पुरते. आम्ही आता प्रत्येक मोतीबिंदूच्या रुग्णाला थेंब बंद झाल्यानंतर तीन आठवड्यांनी एक जादा तपासणी देतो, बाहुली मोठी करून.

काकींच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू या वर्षभरात वाढला. त्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायची आहे. त्याआधी महिनाभर रोज दोनदा गरम कापडाने शेक आणि पापण्यांच्या कडा पुसणं चालू आहे, खपली बरीच कमी झाली आहे. साखर सातच्या खाली आणायची आहे. टेबलावर ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात तीन मिनिटं, पापणीचे केस चिकट प्लास्टिकच्या चादरीखाली पूर्ण झाकलेले, आणि शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन. डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडण्यामागचा मोठा आधार २००७ च्या युरोपीय अभ्यासाचा आहे. त्यात सेफुरॉक्झिमने संसर्गाचा धोका सुमारे पाच पटींनी कमी झाला होता. तो आधार मुख्यतः लवकरच्या संसर्गाचा आहे, उशिराच्या संसर्गाला पापणीची स्वच्छता मला जास्त महत्त्वाची वाटते. थेंब जानेवारीच्या सुरुवातीला संपतील, तिसऱ्या आठवड्यात तपासणी. आंब्याचं काम अंगावर येण्याआधी ती उरकते, म्हणून काकींनी तारीख लगेच मान्य केली.